बिस्किटाची जागा

'बाळांसाठी फळं-भाज्यांची घरगुती बिस्किटं' या विषयावर लिहा, पाककृतीही द्या, असं संपादकांनी सुचवलं आणि मी लगेच हो म्हटलं. गेल्या पावसाळ्यापासून एक मूल माझ्या डोक्यातून जात नाही, हे त्याचं कारण.

कुटुंब विरारचं. आई सकाळच्या लोकलने चर्चगेटला जाते, बाळ दिवसभर आजीकडे. अकरा महिन्यांच्या मुलीचं हिमोग्लोबिन आठच्या खाली. आजींनी पिशवीतून बरणी काढून माझ्या टेबलावर ठेवली. "मॅडम, बाहेरचं काही म्हणजे काही देत नाही. नाचणी, बीट, गूळ, सगळं घरचं." मुलगी दिवसाला सात-आठ बिस्किटं गाईच्या दुधात बुडवून खायची आणि जेवण समोर आलं की तोंड फिरवायची. आजींची माया खरी, मेहनत खरी, बिस्किटंही निगुतीने केलेली. पण त्या इवल्याशा पोटात डाळ, अंडं, मासळी यांना जागाच राहिली नव्हती.

रक्तक्षय हा जव्हार-मोखाड्याचा प्रश्न, आपल्या सोसायट्यांमधला नव्हे, असं वसईत सर्रास समजलं जातं. याचा मला फार त्रास होतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या ६८.९ टक्के मुलांमध्ये रक्तक्षय आढळला. एवढी मुलं एकट्या आदिवासी तालुक्यांत कशी असतील? आईकडून मिळालेला लोहाचा साठा साधारण सहाव्या महिन्याला संपत येतो. आपण उष्टावण करतो तीही नेमकी त्याच सुमाराला. तिथून पुढे लोह ताटातूनच यायला हवं.

बीट लाल असतं म्हणून रक्त वाढवतं, हा समज मी रोज खोडते आणि तो रोज परत येतो. १०० ग्रॅम बिटात एक मिलिग्रॅमसुद्धा लोह नसतं. नाचणीत लोह आहे, पण त्याच्यासोबत फायटेट आणि भरपूर कॅल्शियमही आहे आणि दोन्ही लोह शोषू देत नाहीत. वर दूध आलं की आणखी कॅल्शियम. हा अडथळा थोडा दूर करणारं क जीवनसत्त्व भट्टीच्या उष्णतेत बरंचसं नाहीसं होतं. म्हणजे वरणावर पिळलेलं लिंबू जे करतं, ते बिस्किटात घातलेलं संत्रं करू शकत नाही.

आता गूळ. यावर मी जरा जास्त बोलते असं माझ्या सहकारी म्हणतात, पण बोलायलाच हवं. 'साखर अजिबात नाही, फक्त गूळ' हे वाक्य मला प्रत्येक पाकिटावर दिसतं. १०० ग्रॅम गुळात साधारण ८५ ग्रॅम साखरच असते. त्यातल्या लोहाचं कौतुक होतं. पण पाच ग्रॅमच्या चमचाभर गुळातून पाव मिलिग्रॅमही लोह मिळत नाही, चार ग्रॅमहून अधिक साखर मात्र नक्की जाते. दोन वर्षांपर्यंत बाळाच्या खाण्यात वरून साखर घालू नये, असं बालरोगतज्ज्ञ सांगतात. गूळ, काकवी, खडीसाखर सगळं त्यात आलं. मध तर वर्षाच्या आत मुळीच नको. त्यात बोट्युलिझमच्या जिवाणूंचे बीजाणू असू शकतात आणि ते घरगुती भट्टीत मरत नाहीत. तान्ह्या बाळांमधला हा आजार १९७६ मध्ये ओळखला गेला. तरी चाटण देणं सुरूच आहे.

रंगाबद्दलही सांगते. बिस्कीट खरपूस तपकिरी करू नका. पिठातलं अ‍ॅस्पॅरॅजिन हे अमिनो आम्ल आणि फळातली साखर १२० अंशांच्या वर एकत्र तापली की अ‍ॅक्रिलामाइड तयार होतं. अन्नातलं हे रसायन स्वीडनच्या संशोधकांनी २००२ मध्ये जगापुढे आणलं. युरोपीय संघाने साध्या बिस्किटांसाठी किलोमागे ३५० मायक्रोग्रॅमची मर्यादा सुचवली आहे, बाळांच्या बिस्किटांसाठी फक्त १५०. बेकरीत वापरतात त्या अमोनियाने ते वाढतं, म्हणून तो घरात आणूच नका. एवढी रसायनं वाचायची नसतील तर इतकंच ध्यानात ठेवा: फिकट पिवळं झालं की काढायचं.

आणि या भागात राहून बिस्किटासाठी महागडी पिठं मागवणं मला खरंच पटत नाही. आपल्याकडे राजेळी केळी आहे. केरळात नेंद्रन म्हणतात, त्याच कुळातली. तिकडे कच्च्या केळ्याच्या पिठाची पेज बाळांना पिढ्यान् पिढ्या देतात. आपण राजेळी वाळवून तिची सुकेळी केली आणि आता तिच्या बागाही कमी होत चालल्या. आगाशी-नंदाखाल भागात कच्ची राजेळी मिळाली तर सोलून पातळ चकत्या करा, कडक उन्हात वाळवा, दळा. या पिठाची एक वाटी, मोड आणून वाळवलेल्या नाचणीचं पीठ अर्धी वाटी, दोन पिकलेली वेलची केळी, दोन चमचे साजूक तूप. लाल भोपळा अर्धी वाटी, पण वाफवून कढईत पाणी पूर्ण आटवलेला. इथेच बहुतेकांचं फसतं. भाजीत पाणी राहिलं की बाहेरून कवच टणक होतं आणि आत लगदा राहतो. तूप वगळू नका, भोपळ्यातलं कॅरोटीन स्निग्धाशिवाय नीट शोषलं जात नाही. मीठ, सोडा काही नको. बोटाएवढ्या लांब कांड्या करून १५० अंशांवर पंचवीसेक मिनिटं भाजा. गार झाल्यावर स्वतःच्या जिभेने टाळूवर दाबून बघा. दात न लावता विरघळलं तरच बाळाला द्यायचं, बाळ ताठ बसलेलं असताना आणि तुम्ही समोर असताना. फ्रिजमध्ये तीन दिवस टिकतात; आपल्या दमट हवेत बाहेर ठेवू नका.

अशी कांडी मुठीत धरायला, तोंडापर्यंत न्यायला, हिरड्यांनी चावायला बाळ शिकतं. हे शिक्षण मोलाचं आहे आणि त्यासाठी जेवणानंतरची एक कांडी पुरते. पोट मात्र मऊ खिमटीने, अंड्याने, काटे काढलेल्या मासळीने, लिंबू पिळलेल्या पालेभाजी-वरणाने भरायचं.

शेवटी घरून बेबी बिस्किटं विकणाऱ्या वसई-विरारच्या ताईंना एक विनंती. दोन वर्षांखालच्या बाळांचा पूरक आहार म्हणून विकल्या जाणाऱ्या पदार्थांची जाहिरात १९९२ च्या कायद्याने आणि त्यातल्या २००३ च्या दुरुस्तीने बंद केली आहे. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर 'सहा महिन्यांपासून, रक्तवाढीसाठी' असं लिहू नका. आणि पाकिटावर गूळ किती ग्रॅम घातला आहे, तेवढं स्पष्ट छापा.