मालिका संपली आणि आम्ही मालगुडीला गेलो

अर्धवट पाहिलेल्या मालिकांची एक यादी आपल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये असते. एक चौथ्या भागावर सोडलेली, दुसरी दुसऱ्या सीझनच्या मध्यावर. टीव्हीवरच्या रोजच्या मालिका तर संपायचं नावच घेत नाहीत. नायिकेची मुलगी मोठी होते, तिचं लग्न ठरतं आणि गोष्ट पुन्हा पहिल्या पानावर येते.

गेल्या पावसाळ्यात मात्र आमच्या घरात एक मालिका पहिल्या भागापासून शेवटच्या भागापर्यंत पाहिली गेली. जेवणं झाली की आई, बाबा आणि मी, रोज दोन भाग. मालिका होती ‘मालगुडी डेज’. ती संपल्यावर नोव्हेंबरात मी आणि बाबा तिचं चित्रीकरण झालं त्या गावी जाऊन आलो. आधी मालिका पूर्ण पाहायची आणि मग तिच्या गावी जायचं, हा प्रवासाचा प्रकार मला इतका आवडला की तुम्हालाही सांगावासा वाटला.

आधी मालिका

मालगुडी हे गाव नकाशावर नाही. आर. के. नारायण यांनी ते कल्पनेत वसवलं आणि १९३५ साली ‘स्वामी अँड फ्रेंड्स’ या कादंबरीतून वाचकांसमोर आणलं. शरयू नदी, मार्केट रोड, अल्बर्ट मिशन स्कूल, रेल्वे स्टेशन असं सगळं असलेलं हे दक्षिणेतलं छोटं गाव पुढची अनेक दशकं त्यांच्या पुस्तकांत येत राहिलं.

त्यांच्या ‘गाइड’वर १९६५ मध्ये हिंदी चित्रपट निघाला तेव्हा मालगुडी गेलं आणि पडद्यावर उदयपूर आलं. नारायण यांना ते रुचलं नव्हतं. वीस वर्षांनी शंकर नाग या तरुण कन्नड दिग्दर्शकाने मालगुडीला पुन्हा दक्षिणेत आणलं. शंकर नाग आपल्याला परके नाहीत. त्यांची सुरुवात मुंबईत मराठी नाटकांतून झाली आणि ‘२२ जून १८९७’ या मराठी चित्रपटाच्या लेखनातही त्यांचा वाटा होता. दूरदर्शनसाठी त्यांनी ‘मालगुडी डेज’चे ३९ भाग केले. २००६च्या सुमारास कविता लंकेश यांच्या दिग्दर्शनात आणखी काही भाग आले, पण आम्ही पाहिले ते हे पहिले ३९. एकेक भाग अर्ध्या तासाच्या आतला. रोज दोन पाहिले तर तीन आठवड्यांत मालिका संपते.

सुरुवातीची रेखाचित्रं नारायण यांचे धाकटे भाऊ, म्हणजे आपल्या ‘कॉमन मॅन’चे आर. के. लक्ष्मण यांची आहेत. एल. वैद्यनाथन यांची धून दोन दिवसांत घरातल्या सगळ्यांच्या तोंडी बसते. स्वामी झालेला मास्टर मंजुनाथ नंतर ‘अग्निपथ’मध्ये लहानपणीचा विजय झाला. स्वामीचे कडक वडील आहेत गिरीश कार्नाड.

गोष्टी साध्या, पण लहान-मोठ्या सगळ्यांना धरून ठेवणाऱ्या. वडिलांनी एकट्याने झोपायला लावल्यावर घाबरत घाबरत चोराला चावणारा स्वामी. जत्रेत बक्षीस म्हणून रोडरोलर मिळालेला आणि आता याचं करायचं काय, म्हणून हैराण झालेला माणूस. एका मुलीचं लग्न मोडू नये म्हणून वाईट बातमीचं पत्र दडवून ठेवणारा पोस्टमन. बहुतेक गोष्टी एकाच भागात संपतात, त्यामुळे ‘आता पुढे काय’ म्हणून रात्री दीडपर्यंत जागावं लागत नाही. घरातल्या सगळ्यांनी मिळून पाहायला हे फार सोयीचं पडतं.

एक भाग, पंचेचाळीस रुपयांचा

यातली एक गोष्ट पंचेचाळीस रुपये पगाराची आहे. वेंकटराव नावाचा कारकून लेकीला सिनेमाला न्यायचं कबूल करून कचेरीत जातो. ती शाळेतून लवकर येते, कपडे करून दारात वाट पाहते. साहेब त्याला सोडत नाही. तो चिडून राजीनामा लिहितो. तेवढ्यात पगार पंचेचाळीस रुपये झाल्याचं कळतं आणि तो राजीनामा फाडून टाकतो. रात्री घरी येतो तर मुलगी त्याच कपड्यांत झोपलेली.

भाग संपला तेव्हा आमच्याकडे कुणीच काही बोललं नाही. बाबा पाणी प्यायला म्हणून स्वयंपाकघरात गेले ते बराच वेळ तिकडेच राहिले.

बाबा एका कारखान्यात हिशेब पाहायचे, मे महिन्यात निवृत्त झाले. मी पाचवीत असताना त्यांनी मला सुट्टीत म्हैसूरला न्यायचं कबूल केलं होतं. एका वर्षी ऑडिट आलं, दुसऱ्या वर्षी साहेब बदलले, तिसऱ्या वर्षी आजी आजारी पडली. नंतर मीच विचारायचं सोडलं. आईने विषय काढला की मी म्हणायचे, ‘मला कुठे जायचं होतं!’ पण जायचं होतं.

दुसऱ्या दिवशी चहा पिताना बाबांनी विचारलं, “ते मालगुडी कुठं शूट केलंय गं?”

मी मोबाइलवर शोधून सांगितलं, “आगुंबे. उडुपीच्या वरती, घाटावर.”

“मग कोकण रेल्वेनं जाता येईल की.”

आईच्या गुडघ्यांना घाट नको होता. “तुम्ही दोघं जाऊन या,” ती म्हणाली. असं ठरलं.

आगुंबेचा घाट

रत्नागिरीहून रात्रीची मत्स्यगंधा पकडली की पहाटे उडुपी येतं. स्टेशनबाहेरच्या रिक्षेवर मिशा आणि हसरा चेहरा असलेल्या एका माणसाचं चित्र होतं. बाबांनी लगेच ओळखलं, शंकर नाग! ‘ऑटो राजा’ या चित्रपटात ते रिक्षावाले झाले होते आणि कर्नाटकातल्या रिक्षावाल्यांनी त्यांना आजवर आपलं मानलंय. ३० सप्टेंबर १९९० रोजी दावणगेरेजवळ अपघातात ते गेले तेव्हा जेमतेम ३५ वर्षांचे होते. हे वय ऐकून बाबा थोडा वेळ गप्प बसले.

उडुपीहून हेब्री, मग सोमेश्वर, आणि तिथून घाट सुरू. १४ अवघड वळणं, दोन्ही बाजूंना दाट रान. मोठ्या गाड्यांना हा घाट झेपत नाही, त्यामुळे छोट्या बसनेच चढायचं. वळणांचा त्रास होणाऱ्यांनी पुढची जागा पकडावी आणि पोटभर नाश्ता वर पोचल्यावरच करावा. मी इडली-वडा खालीच खाऊन निघाले होते, म्हणून सांगते.

आगुंबे शिमोगा जिल्ह्यातल्या तीर्थहळ्ळी तालुक्यात येतं. अरबी समुद्रावरचे ढग इथे सह्याद्रीच्या सरळ उभ्या भिंतीवर आदळतात, म्हणून वर्षाला सरासरी सात हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. रत्नागिरीच्या दुप्पट! आपल्या पावसाचा अभिमान असलेल्या बाबांना हे पचवायला वेळ लागला. याच रानात नागराज म्हणजे किंग कोब्रा राहतो. सर्पतज्ज्ञ रोम्युलस व्हिटेकर यांनी २००५ मध्ये इथे संशोधन केंद्र सुरू केलं.

गाव म्हणाल तर एक मुख्य रस्ता, थोडी दुकानं, कौलारू घरं. आता विजेच्या तारा आहेत, रिचार्जच्या पाट्या आहेत. मालिकेतलं गाव जसंच्या तसं शोधायला गेलात तर निराश व्हाल. पण थोडं थांबलात तर ते दिसायला लागतं. एखादं लाकडी दार, ओट्यावर बसलेले आजोबा, शाळा सुटल्यावर दप्तर हलवत पळणारी दोन मुलं. बाबा म्हणाले, “तो बघ स्वामी, आणि तो जाडा मणी.”

थोरलं घर

आगुंबेत पाहायची मुख्य गोष्ट म्हणजे ‘दोड्ड मने’. कन्नडमध्ये दोड्ड म्हणजे मोठं आणि मने म्हणजे घर. शंभराहून जास्त वर्षांचं हे चौकाचं घर मालिकेत स्वामीचं घर झालं. मधे उघडा चौक, भोवती पडवी, काळे गुळगुळीत लाकडी खांब. कोकणातल्या माणसाला हे घर परकं वाटत नाही. बाबा प्रत्येक खांबावर हात फिरवत होते. “फणसाचं असणार,” असं दोनदा म्हणाले.

एक लक्षात ठेवा. हे राहतं घर आहे. विचारून आत जावं, मोठ्याने बोलू नये, कुणाच्या खोलीत डोकावून फोटो काढू नयेत. आलेल्या प्रवाशाला जेवू घालायची, मुक्कामाला ठेवायची या घराची रीत पुष्कळ जणांनी लिहून ठेवली आहे. मुक्काम करायचा असेल तर आधी चौकशी करून जा.

मलनाड भागात चहाऐवजी कषाय मिळतो. मसाला, गूळ आणि दूध घातलेलं हे गरम पेय. थंडीत दोन पेले सहज जातात. सोबत अक्की रोट्टी मागवा. तांदळाची भाकरी खाऊन वाढलेल्यांना ती जवळचीच वाटेल.

संध्याकाळी सूर्यास्त पाहायच्या जागी गेलो. तिथून डोंगर एकामागे एक उतरत जातात आणि हवा स्वच्छ असेल तर शेवटी समुद्राची रेघ दिसते. आम्हाला रेघ दिसली की धुकं, यावर आमचं एकमत झालं नाही.

जिथे गाडी सुटते

दुसऱ्या दिवशी गाडी ठरवून तीर्थहळ्ळी, रिप्पनपेट करत आरसाळूला गेलो. शिमोगा ते ताळगुप्पा मार्गावरचं हे छोटं स्टेशन मालिकेतलं मालगुडी स्टेशन. तेव्हा इथे मीटरगेज होतं. जुनी इमारत मोडकळीला आली होती. रेल्वेने ती दुरुस्त केली आणि २०२० मध्ये तिथे ‘मालगुडी म्युझियम’ उघडलं. हे काम केलं कलावंत जॉन देवराज यांनी, आणि मूळ मालिकेचे कलादिग्दर्शकही तेच होते. इतक्या वर्षांनी आपणच उभं केलेलं गाव दुरुस्त करायला मिळणं किती जणांच्या वाट्याला येतं? बाहेर रेल्वेचा एक जुना डबा ठेवलाय, त्याचं उपाहारगृह केलं आहे. जाण्याआधी म्युझियम उघडं असल्याची खात्री करून घ्या.

‘स्वामी अँड फ्रेंड्स’चा शेवट स्टेशनवरच होतो. स्वामीचा मित्र राजम गाव सोडून निघालेला, स्वामीशी अबोला धरलेला. स्वामी त्याला द्यायला एक पुस्तक घेऊन धावत येतो. पुस्तक पोचतं, पण मनातलं बोलायचं राहून जातं आणि गाडी सुटते.

आम्ही फलाटावरच्या बाकावर बसलो होतो. येणारी-जाणारी गाडी नव्हती. बाबा रुळांकडे बघत म्हणाले, “तुझी ती निळी पिशवी आहे का गं अजून?”

मला क्षणभर कळलंच नाही. पाचवीच्या सुट्टीत मी एका निळ्या पिशवीत दोन फ्रॉक आणि कंगवा भरून ती कपाटामागे ठेवली होती. सहावीच्या सुट्टीतही. हे कुणालाच माहीत नाही, असं मला वाटायचं.

“तुम्हाला माहीत होतं?”

“होतं ना. रोज दिसायची.”

मी ‘मला कुठे जायचं होतं’ असं यावेळी म्हटलं नाही. “मला फार राग यायचा तुमचा,” मी म्हणाले. त्यांनी मान हलवली. मग उठून आमच्यासाठी दोन चहा घेऊन आले.

तुम्ही जाणार असाल तर

* पाऊस संपल्यानंतर, नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. पावसाळ्यात रान सुंदर दिसतं, पण जळवा, निसरडे रस्ते आणि घाटातली दरड यांची तयारी ठेवा.
* महाराष्ट्र-गोव्यातून येणाऱ्यांना उडुपी सोयीचं. बंगळूरुकडच्यांनी रेल्वेने शिमोग्याला यावं आणि तीर्थहळ्ळीमार्गे आगुंबे गाठावं.
* दोन मुक्काम हाताशी असू द्या. आगुंबे आणि आरसाळू एका दिवसात उरकू नका. वेळ असेल तर आरसाळूहून सागर, जोगचा धबधबा आणि होन्नावर असं उतरून कोकण रेल्वे पकडता येते.
* मोबाइलची रेंज येते-जाते. थोडे रोख पैसे जवळ ठेवा, भाग आधीच डाउनलोड करून ठेवा.
* सोबत मुलं असतील तर स्वामीचे भाग त्यांना निघण्यापूर्वी जरूर दाखवा. मालिका पाहिली नसेल तर आगुंबे त्यांच्यासाठी नुसतं एक ओलं गाव राहील.

परतीच्या गाडीत बाबांनी माझ्या मोबाइलवर म्हैसूरच्या गाड्या बघितल्या, वेळा कागदावर उतरवल्या आणि कागद पाकिटात ठेवला. मग विचारलं, “आता पुढची कुठली लावायची?”

मी श्याम बेनेगलांच्या ‘भारत एक खोज’चं नाव सांगितलं. ५३ भाग. नुकतीच आलेली एक वेब सिरीजही सुचवली, तिचा पहिला सीझन फार चांगला आहे म्हणून.

“दुसरा कधी येणार?”

“अजून जाहीर नाही केलं.”

“मग नको,” बाबा म्हणाले. “संपलेली बघ कुठलीतरी.”