अडीचच्या आत

लंडनमधल्या स्टॅनमोरच्या मराठी माणसाला ‘तुमचा आमदार कोण?’ असं विचारलं की त्याची पंचाईत होते. इंग्लंडला स्वतंत्र विधानसभाच नाही. लंडनला 2000पासून 25 जणांची असेंब्ली आहे. ती महापौरांना धारेवर धरते, दोन-तृतीयांश मतांनी त्यांचा अर्थसंकल्पही बदलू शकते. पण कायदा करू शकत नाही.

तरी आमदारकीचं कसब पाहायचं तर बॉब ब्लॅकमन यांच्याकडे पाहावं. ब्रेंटमध्ये नगरसेवक, 2004ला असेंब्लीवर, 2008ला नवीन शहांकडून पराभूत, 2010पासून हॅरो ईस्टचे खासदार. स्टॅनमोर याच मतदारसंघात. 2017ला शहा पुन्हा समोर आले. या वेळी ब्लॅकमन जिंकले.

मंत्री नसलेल्या खासदारांची विधेयकं ब्रिटिश संसदेत शुक्रवारी येतात, आणि चिठ्ठीत नाव निघालं तरच त्यांना आधी वेळ मिळतो. 2016मध्ये ब्लॅकमन यांचं दुसरं निघालं. दुपारी अडीचला चर्चा थांबते. विरोधक तोवर बोलत राहिला की विधेयक बारगळलंच. त्याला आवरायचं तर किमान 100 सदस्यांची मतं हवीत, आणि शुक्रवारी बहुतेक जण आपापल्या मतदारसंघात! ब्लॅकमन यांनी बेघरांविषयीच्या आपल्या विधेयकाचा मसुदा आधीच संसदीय समितीकडून तपासून घेतला, सरकारलाही आधीच राजी केलं. खर्चाची तरतूद मंत्र्याच्या ठरावाशिवाय होत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

घर सुटायला 28 दिवस उरले की कौन्सिल हालचाल करायची. या कायद्याने ती मुदत 56 दिवस झाली. एकट्यादुकट्या माणसालाही मदत मिळू लागली. एप्रिल 2017ला मंजुरी, वर्षभराने अंमल. 2023मध्ये त्यांनी याच वाटेने आणखी एक कायदा करून घेतला.

आपल्याकडे ही वाट जवळजवळ बुजलेली. भारताच्या संसदेत आजवर 14 अशासकीय विधेयकांचे कायदे झाले, शेवटचा 1970मध्ये. मग विरोधी बाकांवरच्या माणसाने करायचं काय? सांगोल्याचे गणपतराव देशमुख 1962 ते 2019 या काळात अकरा वेळा निवडून आले, 1972 आणि 1995ला पडले, पण शेकाप सोडला नाही. मंत्रिपदं आली नि गेली. लक्षवेधी गाजवणारे आमदार पुष्कळ असतात. एकच प्रश्न अधिवेशनामागून अधिवेशन लावून धरणारे थोडे. गणपतरावांचा प्रश्न पाण्याचा. सभागृह पुरेना, तेव्हा ते नागनाथअण्णा नायकवडींबरोबर आटपाडीच्या पाणी परिषदेत उभे राहिले आणि कृष्णेचं पाणी दुष्काळी तालुक्यांना मागत राहिले.