धुराड्याभोवतीची गळती

डोंबिवली,
श्रावण

चि. मनीषास, मामाचे अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले फोटो नीट पाहिले. धुराडं छपरातून जिथे वर जातं, तिथे मागच्या अंगाला ओल धरली आहे आणि ती भिंतीवरून स्वयंपाकघराच्या कोपऱ्यापर्यंत उतरली आहे. बिल्डरचा माणूस येऊन वॉटरप्रूफिंगचा हात मारून जातो आणि पुढच्या जोराच्या सरीला पाणी पुन्हा येतं, याचं मला नवल वाटत नाही. दोष बांधणीतला आहे, लेपाने तो जायचा नाही.

उतरत्या छपरावरून आलेलं पाणी धुराड्याच्या मागे अडतं. तिथे उंचवटा करून ते दोन्ही बाजूंना वळवायला हवं. शिवाय विटकामाच्या सांध्यात खाच पाडून पत्र्याची कड आत बसवायची. मागच्या अंगाला तो पत्रा वरच्या कौलांखाली सरकवायचा, पुढच्या अंगाला खालच्या कौलांवर उतरवायचा. तुझ्या घरी नुसता सिमेंटचा वाटा, म्हणजे कोपऱ्यातला उतरता लेप, मारलेला दिसतो. उन्हापावसात विटकाम आणि छप्पर सारखं हलत नाही, म्हणून वाटा चिरतो, आणि केसाएवढी चीर पुरते. त्यात तुमच्या भातसानगरचा पाऊस! सह्याद्रीला अडून कोसळणाऱ्या या पाण्यावरच तर मुंबईला पाणी पुरवणाऱ्या सात तलावांतला सर्वांत मोठा साठा उभा आहे. अशा ठिकाणी हे काम कसंबसं उरकणं अक्षम्य आहे.

पाणी नेमकं कुठून येतं ते उघडीप मिळाली की तपासून घे. नळीने आधी धुराड्याच्या खालच्या बाजूला पाणी सोडायचं, मग कडांना, शेवटी मागे. प्रत्येक वेळी आत कुणीतरी बॅटरी घेऊन उभं राहायचं. धुराड्याच्या आतून काजळी मिसळलेलं काळपट पाणी आलं, तर वरची टोपीही सदोष आहे. या सगळ्या तपासणीचा व्हिडिओ कर.

आता महत्त्वाचं. २०१६च्या रेरा कायद्याच्या कलम १४(३)प्रमाणे ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांत बांधकामाच्या कारागिरीतला दोष दाखवून दिला, तर बिल्डरने तो ३० दिवसांत, एक पैसाही न घेता दुरुस्त करून द्यायचा असतो. न केल्यास भरपाई मागता येते. पण फोनवर सांगितलेल्याला पुरावा नसतो. ‘बघतो, पावसानंतर करू’ हे तू किती वेळा ऐकलंस! स्पीड पोस्टाने पत्र पाठव, ईमेलही कर. ताब्याची तारीख, प्रत्येक वेळी केलेली मलमपट्टी आणि तिच्यानंतर आलेलं पाणी, सगळं लिही. ‘गळती थांबवा’ एवढंच लिहू नकोस. सांधा उघडून पत्रा बसवून द्या, असं स्पष्ट माग. पावसात सांधा उघडता येत नसेल तर तात्पुरता ताडपत्रीचा बंदोबस्त आणि पक्क्या कामाची तारीख, दोन्ही लेखी घे.

जावईबापू गावातला गवंडी बोलावून सांधा फोडून घेणार असं लिहिलंस. त्यांचा जीव किती टांगणीला लागला असेल ते कळतं, सासूबाईंची चूल त्याच कोपऱ्यात आहे. तरी त्यांना थांबव. महाराष्ट्रातल्या नमुना करारनाम्यात अट आहे, की बिल्डरच्या लेखी संमतीशिवाय असे फेरफार केले आणि त्यातून पाणी झिरपलं, तर दोष-दायित्व, म्हणजे दोष दुरुस्त करून देण्याची बिल्डरची जबाबदारी, रद्द होतं. तुझ्या करारात तेच असणार. हक्काची गोष्ट आपल्याच छिन्नीने घालवायची नाही.

३० दिवस उलटले तर महारेराकडे, म्हणजे रेरा कायद्याखालच्या राज्याच्या प्राधिकरणाकडे, तक्रार करता येते. तुमचा प्रकल्प महारेरात नोंदलेला आहे का, ते करारावरच्या क्रमांकावरून बघ. छोट्या प्रकल्पांना, म्हणजे जागा ५०० चौ. मीटरपर्यंत किंवा घरं ८पर्यंत असली तर, नोंदणीची सक्ती नाही. तसं असेल तर ग्राहक आयोगाचा रस्ता आहे, तिथे मुदत २ वर्षांची, म्हणून चालढकल नको.

पत्राचा मसुदा आणि कराराची प्रत मला पाठव. पुढच्या रविवारी आसनगावपर्यंत लोकलने येतो, तिथून पुढे सोबत जाऊ आणि छपरावर चढून सांधा मी स्वतः बघतो. ताईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा