आजीची खानावळ आणि एक एकर जवस

आजची नोंद जवसाची आहे, पण तिच्यात आजी येणार, कारण हे जवस आजीपायीच पेरले.

आधी वावराचे सांगतो. सोयाबीन निघाल्यावर विहिरीकडचा एक एकर रिकामा ठेवला होता. त्यात एनएल-९७ पेरले, बियाणे दहा किलो, दोन ओळींत ३० सेंटीमीटर. पेरा आठ-दहा दिवस लांबला, त्यामुळे कळीत गादमाशी दिसते. भुरी अजून नाही. पीक सध्या फुलावर आहे. सकाळी आठला गेले तर वावर निळे दिसते, दुपारी जा तर पाकळ्या खाली पडलेल्या. नागपूरच्या कृषी महाविद्यालयातले कोणी वाचत असतील तर या अवस्थेत गादमाशीसाठी फवारणी परवडते की सोडून द्यावे, हे जरूर सांगा.

आता आजी. आजी म्हणजे माझ्या बाबांची माय. २०१६ ला तान्ह्या पोळ्याच्या दिवशी गेली, तेव्हा नव्वदी ओलांडली होती. आमचे गाव कळमेश्वर तालुक्यात. आजोबा १९५७ ला तापाने गेले तेव्हा पाच एकर वावर सावकाराकडे गहाण होते, बाबा दहा वर्षांचे आणि आत्या सहाची. आजी दिराच्या बंडीवर भाजीपाला घेऊन नागपूरच्या कॉटन मार्केटला जाऊ लागली. रात्री पोचायचे, बंडीखाली झोपायचे, पहाटे हर्रास. सोबतचे बंडीवाले उपाशी झोपत. तिने एका खेपेला घरून जास्तीच्या भाकरी आणि झुणका नेला. भाजीपेक्षा भाकरीचे पैसे जास्त आले. तिथून सुरुवात झाली. वर्षभरात मार्केटमागे टिनाची खोली भाड्याने घेतली, दोन सिगड्या मांडल्या. पाटी कधी लावली नाही. लोक "बाईची खानावळ" म्हणत.

घरात हे कोणाला आवडले नव्हते. कुणब्याची सून हाटेल चालवते, असे गावात बोलत. हेच लोक मार्केटला आले की तिच्याकडेच जेवत, आणि पैसे देताना नातं काढत.

जवळच एम्प्रेस मिल. जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ ला सुरू केलेली, नागपूरच्या कितीतरी घरांची चूल तिच्यावर पेटायची. मिलचा भोंगा वाजला की आजी पातेल्यावरचे झाकण काढायची, घड्याळ तिच्याकडे नव्हते. मजुरांत कोष्टी लोक बरेच. त्यांच्यातल्याच एका शेजारणीकडून ती सावजी रस्सा शिकली. मसाला भाजून पाट्यावर वाटायचा, आणि तेल जवसाचे. आता सावजी म्हणून जे मिळते त्यात तेल कोणते असते ते विचारू नका. जवसाचे तेल हवेने लवकर खराब होते, म्हणून तर ते रंगात वापरतात. आजी आठवड्यापुरतेच घाण्यावरून काढून आणायची. डबा भरून ठेवलेला मी कधी पाहिला नाही. मिरची भिवापूरची. पोते उघडायला लावून मधली मिरची काढायची आणि मोडून पाहायची. वरची पाहायची नाही.

पण मला सांगायचे आहे ते तिच्या भाजीचे. खानावळीत कोणती भाजी होणार हे आदल्या दिवशी ठरत नसे. पहाटे हर्रासात फिरून यायची, ज्या मालाचा भाव पडला तीच भाजी. वांगे पडले की भरीत, कोबी पडला की कोबी, टमाटर मातीमोल झाले की चार दिवस टमाटरचेच सार. गिऱ्हाईक कुरकुर करे. तेव्हा ती म्हणायची, "ज्याचं वांगं आज कोणी घेत नाही तो बी माह्याच इथं जेवते ना, मंग त्याच्या वांग्याचंच जेवा." आणि घेताना हर्रासाच्या भावाने घेत नसे, कालच्या भावाने घ्यायची. तिची गरज किती, तर दहा-पंधरा किलो. त्याने बाजार हलत नाही. पण बंडी घेऊन परत जाणाऱ्या माणसाच्या खिशात गाडीभाडे यायचे. आज आपण प्रक्रिया उद्योग, मूल्यसाखळी असे शब्द मिटिंगमध्ये ऐकतो तेव्हा मला तिची टोपली आठवते.

१९६८ ला तिने वावर सोडवले. १९७४ ला विहीर बांधली, ज्या विहिरीवर आज माझे जवस ओलते. सगळा पैसा सिगडीवरचा. सोडवताना कागदावर नाव कोणाचे लावायचे असा प्रश्न आला, तेव्हा तिच्या दिरानेच बाबांचे नाव सांगितले. ती बाहेर ओट्यावर बसली होती. तिला कोणी विचारले नाही, आणि तीही काही बोलली नाही.

उधारी ती भिंतीवर लिहायची. लिहिता येत नव्हते, म्हणून कोळशाच्या रेघा. प्रत्येक माणसाची जागा ठरलेली, कोणाला चूल, कोणाला मासा, कोणाला टोपी असे चित्र, आणि खाली रेघा. मी उन्हाळ्यात ताटे धुवायला जायचो तेव्हा ती भिंत मला पाठ होती.

१९८६ ला मी दहावी पास झालो. त्याच वर्षी टाटांची ती कंपनी मोडीत निघाली. पुढे सरकारी महामंडळाने मिल चालवली, पण त्या वर्षी मजुरांच्या घरात काय चालले होते ते मी खानावळीत बसून पाहिले. उधारीवर जेवणारे वाढले, मग येणेच बंद झाले. भिंतीवर एकवीसशे रुपये होते, बाबांनी मोजले होते. त्या पैशातून मला नागपुरात अकरावीला टाकायचे ठरले होते. दिवाळीच्या आधी मी आणि बाबा गेलो तर आजीने भिंतीला चुना मारलेला. पांढरी स्वच्छ भिंत. बाबा ओरडले. ती म्हणाली, "त्यायच्या घरी जाऊन मांगू का? त्यायच्या लेकरायच्या ताटातलं?"

मी गावात राहिलो, वखर धरला. शिक्षण दहावीवर थांबले त्याला हे एकच कारण नव्हते, त्या साली पऱ्हाटीही बोंडअळीने गेली होती. पण राग मात्र मी आजीवरच धरला, आणि तो बरीच वर्षे धरला.

१९९१ ला गुडघे गेल्यावर तिने खोली सोडली आणि गावी आली. बाबा गेल्यावर २००९ ला वारसांची नोंद झाली, मी नवा सातबारा घरी आणला. ती खाटेवर बसून शेंगा फोडत होती. म्हणाली, "वाचून दाखव." वाचले. आईचे नाव, माझे, दोन भावांचे. ती म्हणाली, "माहं कुठी हाये?"

मी म्हणालो, "आता कायले पाहिजे तुले? सगळं तुहंच तर हाये."

तिने मान हलवली आणि शेंगा फोडत राहिली. नंतर सात वर्षे जगली, पण परत तो विषय काढला नाही. माझे म्हणणे कायद्याने कुठे चुकत होते ते नंतर समजले. मुलगा गेला तर आईही वारस असते, नाव लागू शकत होते, एका अर्जाचे काम होते. तेव्हा मला ते माहीत नव्हते असे मी म्हणू शकतो. पण मी कोणाला विचारलेही नव्हते.

शरद जोशींच्या संघटनेने लक्ष्मीमुक्ती चालवली तेव्हा आमच्याही गावात सभा झाली होती. बायकोच्या नावाने जमीन करा म्हणत होते. मी तेव्हा विशीतला, टाळ्या वाजवून घरी आलो. शासनाचीही त्या नावाची योजना १९९२ पासून आहे. बायकोचे नाव सातबाऱ्यावर लावता येते. माझ्या लग्नाला अठ्ठावीस वर्षे झाली, निंदण, वेचणी, ढोरे सगळे तीच पाहते, आणि अर्ज मी मागच्या महिन्यात केला. तिला सांगितले तर म्हणाली, "आता कायले?"

मी दचकलोच. तिने ते सहज म्हटले होते, तिला ती जुनी गोष्ट माहीतही नाही.

आधी आम्ही जवस धुऱ्याला घरापुरते पेरत होतो, सोयाबीन आल्यावर तेही सुटले. यंदा एक एकर, पहिल्यांदाच एवढे. निघेल ते विकायचे नाही. लाकडी घाणा आता गावात नाही, कळमेश्वरला जावे लागेल. तलाठी कार्यालयातून फेरफाराची नोटीस आली आहे, पंधरा दिवस हरकतीची मुदत. कोणाची हरकत नाही. फेरफार मंजूर झाला की सातबारा काढून आणतो आणि घरी वाचून दाखवतो.

गादमाशीचे तेवढे कळवा.