तीन आकड्यांचा मेळ

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मॅडमनी मला एकच काम दिलं होतं. क्वार्क मॉडेल घ्यायचं आणि पुस्तकात न बघता बॅरिऑनांची मॅग्नेटिक मोमेंट्स हातानं काढायची. सुरुवात अर्थातच प्रोटॉनपासून.

प्रोटॉनमध्ये दोन अप आणि एक डाउन क्वार्क. प्रत्येकाचा स्पिन अर्धा आणि तिघांचा मिळून होणाऱ्या प्रोटॉनचाही अर्धाच. स्पिनची सगळी मांडणी नीट केली की एकूण स्पिनमध्ये अप क्वार्कांचा वाटा ४/३ येतो आणि डाउनचा वजा १/३. डाउनचं मोमेंट वजा १ धरलं, तर विद्युतभाराच्या प्रमाणात अपचं २ होतं. मग प्रोटॉनला ३ मिळतात आणि न्यूट्रॉनला वजा २, म्हणजे गुणोत्तर वजा १.५. प्रयोगात मोजलेली मूल्यं आहेत २.७९ आणि वजा १.९१, त्यांचं गुणोत्तर वजा १.४६. विद्युतभार नसलेल्या न्यूट्रॉनला चुंबकत्व का असतं, हे पानभर गणितात उलगडलं होतं. मला केवढा आनंद झाला!

मॅडमनी कागद शांतपणे पाहिला. ४/३ आणि वजा १/३ या दोन आकड्यांखाली रेघ ओढून त्या म्हणाल्या, "आता यांची बेरीज कर. वजाबाकीही कर. आणि दोन्ही प्रयोगाशी ताडून बघ."

बेरीज आली १. म्हणजे प्रोटॉनचा सगळाच्या सगळा स्पिन क्वार्कांच्या स्पिनमधून यायला हवा. सर्नमधल्या युरोपियन म्युऑन कोलॅबोरेशननं १९८७ मध्ये जाहीर केलेल्या निष्कर्षात हा वाटा इतका कमी निघाला, की तो शून्य असण्याचीही शक्यता त्रुटीच्या मर्यादेत बसत होती. भौतिकशास्त्रात याला 'स्पिन क्रायसिस' म्हणू लागले. पुढे हाम्बुर्गच्या हर्मिस आणि सर्नच्या कंपास प्रयोगांनी हा वाटा सुमारे ३० टक्क्यांवर आणून ठेवला. वजाबाकी आली ५/३, म्हणजे १.६७. ही राशी न्यूट्रॉनच्या बीटा ऱ्हासातून मोजता येते आणि तिचं मूल्य आहे १.२७. एकाच मॉडेलचे तेच दोन आकडे एका परीक्षेत उत्तम पास होत होते आणि दुसऱ्या दोन परीक्षांत नापास. माझ्या प्रबंधाचा विषय तिथेच ठरला.

मी काम केलं ते कायरल क्वार्क मॉडेलवर. अनीश मनोहर आणि हॉवर्ड जॉर्जी यांनी १९८४ मध्ये ते मांडलं. यात प्रोटॉनमधला अप क्वार्क धन पायॉन बाहेर टाकतो आणि स्वतः डाउन होतो. तसं होताना त्याचा स्पिन उलटतो. एकूण कोनीय संवेग मात्र बदलू शकत नाही. म्हणून स्पिनमधून जे गेलं, ते क्वार्क आणि पायॉन यांच्या कक्षीय गतीत जमा होतं.

पायॉन सुटण्याची शक्यता किती धरायची, हा कळीचा प्रश्न. ती स्पिनकडे बघून ठरवली असती तर उत्तर जुळवून घेतल्यासारखं झालं असतं. पण धन पायॉनमध्ये डाउनचा प्रतिक्वार्क असतो, त्यामुळे प्रोटॉनमध्ये डाउनचे प्रतिक्वार्क अपच्या प्रतिक्वार्कांपेक्षा जास्त सापडायला हवेत. ते तसे सापडलेही आहेत: १९९१ मध्ये सर्नला त्याचा सुगावा लागला आणि १९९८ मध्ये फर्मीलॅबच्या ई-८६६ प्रयोगानं ते ठळकपणे दाखवलं. शक्यता त्या जादा प्रतिक्वार्कांवरून ठरवायची, ती साधारण ०.१ येते, आणि मग स्पिनला हात न लावता काय निघतं ते बघायचं.

बेरीज निम्म्याच्याही खाली घसरली. वजाबाकी १.६७ वरून उतरली ती १.२७ च्याही थोडी खाली गेली. स्ट्रेंज क्वार्क जड असतो हे हिशेबात धरल्यावर ती पुन्हा जागेवर आली. आता धास्ती होती मॅग्नेटिक मोमेंट्सची. स्पिनचा वाटा एवढा घटल्यावर आधीचं सुरेख उत्तर कोसळायला हवं होतं. पण फिरणाऱ्या पायॉनला विद्युतभार असतो, तेव्हा कक्षीय गतीलाही चुंबकत्व असतं. एका खिशातून गेलेलं बरंचसं दुसऱ्या खिशात आलं आणि गुणोत्तर टिकून राहिलं. ता-पेइ चेंग आणि लिंग-फाँग ली यांनी १९९८ मध्येच हे दाखवलं होतं. तरीही सिग्मा आणि क्सायसाठी एकेक पद स्वतः सोडवताना ते जुळत गेलं, तेव्हा भाबडं क्वार्क मॉडेल इतकी वर्षं बरोबर उत्तर का देत होतं ते मला आतून कळलं.

काम इथे संपत नाही. या मॉडेलमध्ये ग्लुऑनांच्या स्पिनचा हिशेब वेगळा धरलेला नाही, आणि ब्रुकहेवनच्या प्रयोगांनी ग्लुऑनही वाटा उचलतात याचे पुरावे दिले आहेत. तिथेच उभा राहणारा इलेक्ट्रॉन-आयन कोलायडर ही वाटणी आणखी बारकाईनं मोजेल. माझ्याकडे आता विद्यार्थी येतात आणि जुळलेला आकडा उत्साहानं दाखवतात. मी त्यांचं मनापासून कौतुक करते आणि लगेच विचारते, हाच हिशेब आणखी कुठल्या प्रयोगाला उत्तर देतो? ज्या मॉडेलला एकच मोजमाप साधतं, त्यानं प्रोटॉनचं अंतरंग ओळखलं असं मी मानत नाही. निरनिराळ्या दारांनी आत शिरून तीच रचना दिसली पाहिजे.