लेक परदेशी शिकायला निघते तेव्हा

खेड्यातल्या एखाद्या घरातून पोर परदेशी शिकायला जाणार अशी बातमी फुटली, की पारावर पहिला प्रश्न निघतो, "किती लागले?" दुसरा निघतो, "रान विकलं का?" ते पोर तिकडे जाऊन शिकणार काय, हे बहुधा कुणी विचारीतच नाही.

शेती विस्ताराच्या कामात गावोगाव हिंडताना मला अठ्ठावीस वर्षे झाली. पूर्वी शेतकरी मला कीड, खत आणि बियाणे यांबद्दल विचारीत. आता पाहणीला गेलो, की चहा पिता पिता विचारतात, "साहेब, पोराला बाहेर धाडायचं म्हणतोय. काय तयारी करावी?" म्हणून एका घराने केलेली तयारी इथे सांगतो. ती मी जवळून पाहिली आणि तिच्यात थोडा हातभारही लावला.

हे घर आमच्या तासगाव भागातल्या एका द्राक्षबागायतदाराचे. सारी वाडी त्यांना तात्या म्हणते, आपणही तेच म्हणू. एकूण रान साडेचार एकर. दोन एकर बाग, बाकीच्यात ज्वारी, हरभरा. थोरली मुलगी कोल्हापूरच्या कृषी महाविद्यालयातून बी. एस्सी. ॲग्री. झाली आणि जर्मनीत स्टुटगार्टजवळच्या होहेनहाइम विद्यापीठात दोन वर्षांच्या एम. एस्सी.साठी तिला २०२५ साली प्रवेश मिळाला. घरात पेढे वाटले गेले आणि दुसऱ्याच दिवशी तात्या माझ्या कचेरीत हजर.

"साहेब, वड्याकडचं दीड एकर काढून टाकतो. गिऱ्हाईक बी आलंय. एकदाचा घोर मिटंल."

ते ओढ्याकाठचे रान मला ठाऊक आहे. काळी, खोल माती आणि शेजारी विहीर. माझा अनुभव असा, की अडचणीत विकली जाते ती नेहमी घरातली उत्तम जमीन, कारण गिऱ्हाईक तिलाच असते. मुरमाड माळ कोण घेतो? मी म्हणालो, "तात्या, विकायचं की नाही ते मागाहून ठरवू. आधी आकडा तर नीट मांडू." रविवारी त्यांच्या ओसरीवर बसलो. मुलगी, तिची आई, आजी, मिरजेहून आलेले मामा, सगळे होते. वहिनी म्हणाल्या, "लग्नाला लागलंच असतं की भाऊजी, दहा-बारा लाख." त्यांचे खरे होते. मात्र लग्नाचा खर्च आपण अंदाजाने करतो. हा खर्च मात्र पैशापैशाने लिहून काढावा लागतो.

जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी नाही. परंतु होहेनहाइम ज्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात आहे, तिथे युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७ पासून दर सहामाहीला १,५०० युरो भरावे लागतात. युरो शंभर रुपयांचा धरला तर वर्षाला तीन लाख. याखेरीज व्हिसासाठी वर्षभराचा राहण्याखाण्याचा खर्च आधीच एका खात्यात ठेवून दाखवावा लागतो. तो ११,९०४ युरो, म्हणजे बारा लाखांच्या घरात. हा आकडा ऐकून तात्यांचा चेहरा उतरला. "एवढं भरून बसायचं?"

ते भरून जात नाहीत, हे मी त्यांना समजावले. त्या खात्याला ब्लॉक्ड अकाउंट म्हणतात. पैसा मुलीच्याच नावावर असतो, पण दरमहा ९९२ युरोच काढता येतात. कणगीत धान्य भरून ठेवावे आणि महिन्याच्या मापानेच काढावे, तसा प्रकार. विमान, गरम कपडे, कागदपत्रे मिळून आणखी दीड लाख. पहिल्या वर्षाला साडेसोळा लाख, दुसऱ्याला पंधरा. एकूण साडेएकतीस लाख. कागदावर आकडा आला तेव्हा ओसरीवर कुणी बोलेना. पण आकडा दिसला, की त्याला टप्पे पाडता येतात.

मग बँकेची वारी. आपल्या शेतकरी बांधवांचा समज असतो, की सातबारा दाखवला की कर्ज मिळते. पीककर्ज मिळते, हे खरे. परंतु शैक्षणिक कर्जाला शेतजमीन तारण घ्यायला बँका सहसा राजी नसतात. थकलेल्या कर्जापोटी कोर्टात न जाता तारण ताब्यात घेण्याचा अधिकार बँकांना देणारा २००२ सालचा जो सरफेसी कायदा आहे, त्यातून शेतजमीन वगळलेली आहे. एका अर्थी हे आपल्या भल्याचेच. तात्यांचे गावठाणातले घर मात्र ड्रोनने मोजले गेले होते आणि स्वामित्व योजनेत त्याचे मालमत्ता पत्रक मिळालेले होते. ते बँकेने धरले, पण पुरेसे पडेना. तेव्हा मामांनी मिरजेचा आपला बिगरशेती प्लॉट पुढे केला.

इथे मी एक गोष्ट आग्रहाने करायला लावली. प्लॉट मामांचा असला तरी मामींना समोर बसवून, कर्ज थकले तर काय होईल, हे स्पष्ट सांगायचे. मामींनी दोन दिवस मागून घेतले आणि मग होकार दिला. तो होकार मला मोलाचा वाटला. नात्यातले तारण हे न विचारता घ्यायचे नसते.

मिळकतीचा पुरावा हा दुसरा अडसर. शेतीच्या उत्पन्नाला आयकर नाही, म्हणून विवरणपत्र नाही, आणि बँक तर ते मागते. तात्यांनी बेदाण्याच्या सौद्याच्या पट्ट्या पत्र्याच्या पेटीत वर्षानुवर्षे जपून ठेवल्या होत्या. तीन वर्षांच्या पट्ट्या, बँकेचे खातेउतारे आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला एकत्र लावले आणि काम झाले. ज्यांच्या घरात शिकणारे पोर आहे, त्यांनी आजपासून पट्ट्या जपाव्यात आणि व्यवहार बँकेतून करावा.

अखेर पंचवीस लाखांचे कर्ज मंजूर झाले, तेही टप्प्याटप्प्याने उचलायचे. घरची ठेव चार लाख. राहिलेले अडीच लाख पुढच्या वर्षीच्या बेदाण्यातून काढायचे ठरले. शिकत असेपर्यंत आणि त्यानंतर साधारण वर्षभर हप्ता नसतो. व्याज मात्र चढत राहते. म्हणून दरवर्षी सौदे झाले, की आधी व्याज भरायचे, हे तात्यांनी कॅलेंडरवर लिहून टाकले. ओढ्याकाठचे रान जागेवर राहिले.

शिष्यवृत्तीचेही सांगतो. अनुसूचित जातीच्या मुलांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. मराठा-कुणबी मुलांसाठी सारथीची आहे. केंद्राच्या परदेश शिष्यवृत्तीत तर भूमिहीन शेतमजुरांच्या मुलांनाही जागा आहे, आणि हे अनेकांना ठाऊक नसते. अर्ज जरूर करावा. पण अशा योजनांत विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीची अट असते. या मुलीचे विद्यापीठ शेतीत नावाजलेले असूनही तिचे तिथे जमले नाही. मिळाली तर देवाची कृपा, हिशोब मात्र तिच्याविना मांडावा.

कागदपत्रांत सर्वांत जास्त दिवस खाल्ले ते नावाने. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर नंतर. वडिलांच्या नावाचे स्पेलिंग तीन ठिकाणी तीन तऱ्हेचे. ते सारे एकसारखे करून घेण्यात दोन महिने गेले. मुले दहावीला असतानाच हे पाहून घ्यावे, खर्च शून्य. जर्मनीला जाणाऱ्या आपल्या मुलांना नोव्हेंबर २०२२ पासून एपीएस नावाचे प्रमाणपत्र लागते. पदवी खरी आहे, याची ती तपासणी. तिची फी १८,००० रुपये. हे सारे मुलीने स्वतः केले. एक एजंट याच कामाचे दोन लाख मागत होता. जे पोर आपला अर्ज आपण भरू शकत नाही, त्याला परमुलखात एकटे कसे सोडायचे?

एके संध्याकाळी आजींनी मला विचारले, "पोर जाती ती शाळा हाय तरी कसली?" मला होहेनहाइमची हकिकत माहीत होती, ती सांगितली. १८१५ च्या एप्रिलात इंडोनेशियात तांबोरा नावाचा ज्वालामुखी फुटला. त्याची राख आणि वायू आभाळात चढले नि १८१६ साली युरोपात उन्हाळाच झाला नाही. पाऊस आणि थंडी हटेना, पिके बुडाली, स्टुटगार्टच्या मुलखात माणसे अन्नाला महाग झाली. तेव्हा तिथल्या विल्हेल्म राजाने १८१८ साली शेतीची ही शाळा काढली. त्याच वर्षी जवळच्या कान्श्टाट गावी शेतकऱ्यांचा मेळा भरवला. तो आजही दरवर्षी भरतो आणि तिथे धान्य-फळांनी सजवलेला उंच खांब उभा करतात.

आजींनी १९७२ च्या दुष्काळात पाठीला पोर बांधून खडी फोडलेली. त्या जरा थांबून म्हणाल्या, "म्हंजी दुष्काळानंच काढल्याली शाळा म्हणा की. मग जाऊ द्या तिला."

सामानाची गंमत निराळीच. वहिनींनी साजूक तुपाचा डबा आणि पेढे बांधून ठेवले होते. युरोपात बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दूध, तूप, मांस यांचे पदार्थ नेता येत नाहीत. ताजी फळे, भाज्या, रोपे आणि पेरायचे बीही प्रमाणपत्राविना चालत नाही. रोग-कीड शिरू नये म्हणून ही दक्षता, आणि शेतीच्या मुलीने ती पाळलीच पाहिजे. तूप मागे राहिले. घरचे बेदाणे, मेतकूट, भाजणी आणि कांदा-लसूण मसाला गेला. मसाला तीन पिशव्यांत बांधून वहिनींनी वर चिठ्ठी लावली, "जपून वापर."

बॅग भरायच्या आधी सहा महिने मुलगी स्वयंपाक शिकली. भाकरी नव्हे, कुकरमध्ये एकटीपुरते काय होते ते. पुस्तकावरून जर्मन भाषेचे पहिले धडेही तिने गिरवले. वर्ग इंग्रजीत असला तरी दुकानदार, घरमालक आणि कचेरी जर्मनच बोलते. डिसेंबरात तिथे साडेचारला दिवस मावळतो आणि उजेड आठच तास असतो. आपल्या उन्हात वाढलेल्या पोरांना त्या अंधाराने उदास वाटू लागते, तो काही मनाचा कमकुवतपणा नव्हे. हे आधी माहीत असले, की घाबरायला होत नाही. तिथे शिकत असताना वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करायला परवानगी आहे. पण पहिली सहामाही अभ्यासाला द्यावी, हेही ठरले.

एक विषय सगळे टाळीत होते. तो मीच काढला. शिक्षण संपल्यावर तिथे नोकरी शोधायला अठरा महिने राहता येते. ती परत येणार की नाही? वहिनींनी डोळ्याला पदर लावला. मुलगी म्हणाली, "काका, आत्ता येईन म्हटलं तर ते खोटं, नाही म्हटलं तर तेही खोटं. कर्ज फिटेपर्यंत तिथं राहावं लागलं, तर राहीन. पण जे ठरवीन ते आधी घरी सांगेन." मला हे उत्तर वचनापेक्षा भरवशाचे वाटले. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे गेल्या शतकाच्या आरंभी देश सोडून गेले, अमेरिकेत शेतीशास्त्र शिकले, मेक्सिकोत मक्यावर मोठे काम केले. क्रांतिकार्यामुळे त्यांना कित्येक दशके मायदेशी परतता आले नाही. आज एका दिवसात येता येते. वाट बंद होते ती मन चोरल्याने.

म्हणून त्या रात्री त्या घरात एक करार झाला. आठवड्यातून एकदा, रविवारी, निवांत बोलायचे. हिवाळ्यात तिथले घड्याळ आपल्या साडेचार तास मागे असते, तेव्हा आपली रात्र ही तिची दुपार. गारपीट झाली, भाव पडला, आजी आजारी पडली, तर तिच्यापासून लपवायचे नाही. ती नापास झाली, आजारी पडली, पैसे संपले, तर तिने लपवायचे नाही. "उगा घोर कशाला" म्हणून आपण माणसे लपवतो आणि दोन्हीकडे घोर दुप्पट होतो.

कराराची परीक्षा तिच्या निघण्याआधीच झाली. २०२५ साली पावसाने मे महिन्यातच ठाण मांडले. खरड छाटणीनंतर काडीत घड तयार व्हायच्या दिवसांत ऊन पडेना. पुढे डोळे तपासले तर घडाचे प्रमाण कमी. तात्यांनी तो अहवाल मुलीपुढे ठेवला. "बाग औंदा अर्धीच हाय असं समज. तरी बी तू जा. याज मी भरीन." तिने अहवाल वाचला आणि आपल्या खर्चाच्या वहीतून दोन बाबी खोडून टाकल्या.

सप्टेंबर अखेरीस, ऐन फळछाटणीच्या तोंडावर, ती निघाली. मजूर ठरलेले होते, म्हणून तात्या मिरज स्टेशनापर्यंतच गेले. मुंबईपर्यंत मामा सोबत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी तात्या नेहमीप्रमाणे बागेत होते.

ज्यांच्या घरी असे पोर असेल, त्यांना माझे सांगणे एवढेच. बॅग शेवटच्या आठवड्यात भरते, ती भरायला कुणाचा सल्ला लागत नाही. त्याआधी वर्षभर घराची तयारी करावी. आकडा साऱ्यांसमोर कागदावर मांडावा, चांगले रान शेवटपर्यंत राखावे, ज्याचे तारण घ्याल त्याच्या घरातल्या बाईला विचारावे, आणि पोराला घरची खरी परिस्थिती सांगावी. आई-बापाने काय गहाण टाकले हे ज्या पोराला ठाऊक असते, ते परमुलखात बेफिकीर होत नाही. आणि आपले रान जागेवर आहे हे ज्याला ठाऊक असते, ते भेदरतही नाही. शिकायला एवढी निश्चिंती पुरे.