चंद्राची पाठ आणि उज्जैनची वेधशाळा

इंदूरहून उज्जैन सुमारे ५५ किलोमीटर. महाकालाचे दर्शन आटोपून बहुतेक मंडळी माघारी फिरतात. क्षिप्रेकाठच्या वेधशाळेकडे पावले क्वचितच वळतात. जयपूरच्या सवाई जयसिंगांनी अठराव्या शतकात उभारलेली ही वास्तू. १९२३ साली ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी तिचा जीर्णोद्धार केला.

आमच्यासोबतच्या मुलांमधली धाकटी अमावस्येला अंगणातही जात नसे. ‘चंद्राची मागची बाजू दिसत नाही, म्हणजे तिथे कायमच काळोख ना?’ असे तिने विचारले, तेव्हा आम्ही तिला नाडीवलय यंत्रापाशी नेले. याला दोन तोंडे. सूर्य उत्तर गोलार्धात असताना सहा महिने उत्तरेकडील तबकडीवर ऊन पडते, उरलेले सहा महिने दक्षिणेकडील तबकडीवर. आपल्यासमोर सावली आहे म्हणून पलीकडे ऊन नाही, असे कसे म्हणावे?

चंद्राचेही तसेच. तिथे एकेका बाजूला सुमारे पंधरवडाभर दिवस आणि पंधरवडाभर रात्र असते. अमावस्येला आपल्याकडची बाजू अंधारात असते, तेव्हा पलीकडची बाजू उन्हाने न्हाऊन निघालेली असते.

मग ती बाजू दिसत का नाही? देवाला प्रदक्षिणा घालताना आपला उजवा खांदा सतत देवाकडे असतो, डावा कधीच नाही. तरीही एका फेरीत आपले तोंड चारही दिशांना वळून येते. चंद्र पृथ्वीभोवती सुमारे २७.३ दिवसांत एक फेरी घालतो आणि तेवढ्याच अवधीत स्वतःभोवती एकदाच फिरतो. पृथ्वीच्या ओढीनेच त्याची गिरकी युगानुयुगे मंदावत या तालावर स्थिरावली. तो किंचित डोलतो, म्हणून आपल्याला त्याचा एकूण ५९ टक्के पृष्ठभाग आळीपाळीने दिसतो, इतकेच.

त्या पाठीचे पहिले छायाचित्र ऑक्टोबर १९५९ मध्ये रशियाच्या ल्यूना-३ यानाने घेतले. डिसेंबर १९६८ मध्ये अपोलो-८ च्या तिघा अंतराळवीरांनी ती प्रत्यक्ष पाहिली. २०१९ साली चीनचे यान तिथे उतरले आणि २०२४ साली दुसऱ्या यानाने तिथली सुमारे दोन किलो माती पृथ्वीवर आणली. आपल्याला ओळखीचे काळे डाग तिकडे फार थोडे. विवरांचीच दाटी अधिक. त्यांतल्या दोन विवरांना भाभा आणि बोस ही नावे आहेत, हे ऐकून मुलांना तो प्रदेश एकदम आपला वाटू लागला.

भीती एका दिवसात जात नाही. परंतु ‘घाबरू नकोस’ एवढेच सांगण्यापेक्षा खरे कारण मुलांच्या हाती द्यावे, असे आम्हांस वाटते. येत्या अमावस्येला वाचकांनीही आपल्या मुलांना अंगणात न्यावे आणि सांगावे : आज पलीकडे भर दुपार आहे.